लाल वायर कुठे जोडायची?

स्मरणिकेसाठी लेख हवा असा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. शाळेच्या गमतीजमती लिहिणारे आपल्या बॅचमध्ये पुष्कळ आहेत. माझा निबंध दहापैकी चारच्या वर कधी गेला नाही, हे मराठीच्या बाईंना अजूनही आठवत असेल. मला येतं ते एकच, वायरिंगचं काम. "मग तेच लिही," असं उत्तर आलं. म्हणून हा प्लगचा इतिहास. तो आपल्या प्रयोगशाळेत सुरू होतो, इंग्लंड-जर्मनीला जाऊन येतो आणि आपल्याच 'ब' तुकडीतल्या एका मुलापाशी थांबतो. त्या मुलाचं एक देणं माझ्याकडे आहे. ते कसं झालं हे सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

नववीत विज्ञानाच्या सरांनी आपल्याला थ्री-पिन टॉप जोडायला शिकवला होता, आठवतं? काळ्या बेकेलाइटचा, झाकणाला एक तडा गेलेला. सर तो उघडून हातात धरायचे. जाड पिन वर. "लाल उजवीकडे, काळी डावीकडे, हिरवी वर." हे सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणून घ्यायचे, पाढे म्हणवून घ्यावेत तसं. त्या तासाला मुली नव्हत्या, त्यांना शिवण होतं. आम्ही मुलं तेवढीच टेबलाभोवती गर्दी करून उभे. मला वाटतं माझा धंदा त्या दिवशीच ठरला. दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियनला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी निदेशकांनी टॉप हातात दिला आणि मी तो न विचारता जोडला.

घरी मात्र त्या काळात टॉपचा काही संबंध नव्हता. आमच्याकडे इस्त्री बल्बच्या होल्डरमधून चालायची. बल्ब काढायचा, त्याजागी दोन टोचांची पिन फिरवून अडकवायची आणि इस्त्री करायची, अंधारात. बहुतेकांच्या घरी हेच असणार. अर्थिंग नाही, फेज कुठल्या बाजूला याचा पत्ता नाही. आपण सगळे वाचलो ही नशिबाची गोष्ट.

आता १९८४ सालचं सांगतो. मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये वायरमन होतो आणि 'ब' तुकडीतला आपला मित्र तिथेच हेल्पर. नाव लिहायचं नाही असं त्याने बजावलंय, गोष्ट लिहायला हरकत नाही म्हणाला. मालकांनी जुन्या बाजारातून एक जर्मन हॅन्ड ड्रिल आणलं. जड, सगळी बॉडी लोखंडी, तीस-एक वर्षांचं जुनं असावं. टॉप कोणीतरी आधीच कापून घेतला होता. रबराच्या केबलमधून तीन वायरी बाहेर आल्या होत्या: लाल, काळी आणि राखाडी.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलं असेल. लाल उजवीकडे. काळी डावीकडे. हिरवी नव्हती, म्हणून उरलेली राखाडी वर. टॉप लावला, बोर्डावरचं बटण दाबलं आणि मित्राला म्हटलं, "बघ रे चालवून." त्याने ड्रिल उचललं. घोडा दाबायच्या आधीच तो ताठ झाला. तोंडातून आवाज निघेना, हात सुटेना. मी बटण बंद केलं तेव्हा ड्रिल त्याच्या हातातून फरशीवर पडलं आणि तो त्याच्या बाजूला. उजव्या तळव्यावर भाजल्याची खूण राहिली, ती आजही आहे. मी नंतर टेस्टर लावून बघितलं, बॉडीवर लख्ख पेटला. "इन्सुलेशन गेलंय," असं मी सांगितलं आणि सगळ्यांनी मानलं. मीसुद्धा मानलं. टेस्ट लॅम्प घेऊन लाल वायर आणि बॉडी यांच्यामध्ये धरला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मला ते सुचलं नाही, कारण लाल वायर कुठे जोडायची याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

तिथून पुढे मी एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत लागलो आणि १९९२ मध्ये त्यांच्या कामासाठी चार महिने इंग्लंडला गेलो. पहिल्याच आठवड्यात इस्त्री विकत घेतली. खोक्यातून काढली तर वायरीच्या टोकाला टॉपच नाही! नुसत्या तीन सोललेल्या वायरी. मला वाटलं फसवलं. पण तिथे तेव्हा रीतच तशी होती. टॉप वेगळा घ्यायचा आणि घरी जोडायचा. शाळेत मुलांना ते शिकवायचे, आपल्या सरांसारखंच. विजेची वस्तू टॉप लावूनच विकली पाहिजे असा कायदा ब्रिटनमध्ये १९९४ चा. त्या आधी दुकानदार टॉप लावून देत नसत याचं कारण म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी कोणतं सॉकेट असेल याचा नेम नसायचा. आणि त्याचं मूळ शोधायला गेलं की आपलाच टॉप सापडतो.

आपण वापरतो ती गोल पिनांची जात मूळ ब्रिटिश, १९३४ च्या बीएस ५४६ या मानकातली. तिच्यात २, ५, १५ आणि ३० अँपिअर अशी मापं होती. दिव्याला लहान, रेडिओला मधलं, शेगडीला मोठं. प्रत्येक सॉकेटची वायर सहसा थेट फ्यूज बोर्डापर्यंत जायची. इंग्लंडातल्या एकाच घरात तीन मापांची सॉकेटं असायची आणि एकाचा टॉप दुसऱ्यात जायचा नाही. आपल्याकडे ५ आणि १५ उरले, आता त्यांना ६ आणि १६ म्हणतात. कामाच्या ठिकाणी "मोठा टॉप, छोटा टॉप" म्हटलं की भागतं.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच, म्हणजे १९४२ मध्ये, ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने एक समिती नेमली. बॉम्बने पडलेली घरं युद्धानंतर पुन्हा बांधावी लागणार, तर त्यांच्यात वायरिंग कसं करायचं हे तिने ठरवायचं होतं. वीस सभासद. त्यांतली एकच बाई, कॅरोलिन हॅस्लेट. या बाईंनी १९२४ पासून स्त्रियांसाठीची विद्युत संघटना चालवली होती. घरात वीज वापरणार बायका, तर तिची माहितीही बायकांना हवी, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. मी हे वाचलं तेव्हा मला आपला तो शिवणाचा तास आठवला. आपल्या वर्गातल्या मुलींनी उभी हयात मिक्सर, गिझर, इस्त्री वापरली आणि टॉप कसा जोडायचा हे शिकवलं कोणाला, तर आम्हाला.

समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला. लहान मुलांनी सॉकेटच्या भोकात काही खुपसू नये म्हणून आत झडपा हव्यात, हा आग्रह त्यात होता आणि त्यामागे हॅस्लेटबाई होत्या असं मानतात. १९४७ मध्ये त्यावरून नवं मानक निघालं, बीएस १३६३. चपट्या चौकोनी पिनांचा, १३ अँपिअरचा तो टॉप. आपल्यातले जे दुबईला होते त्यांनी तो रोज वापरलाय. अर्थची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते. ती आधी आत जाते आणि झडपा उघडते, मगच फेज आणि न्यूट्रलला वाट मिळते. (आपली माणसं तिथे पेन खुपसून झडप उघडतात आणि दोन पिनांचा चार्जर घालतात. वीस जणांच्या समितीची मेहनत एका बॉलपेनने वाया.) केबल खालच्या बाजूने निघते, म्हणजे वायर धरून टॉप ओढायचा मोह होत नाही. आतली अर्थची वायर मुद्दाम थोडी लांब सोडतात, म्हणजे ओढाताण झालीच तर फेज आधी सुटेल, अर्थ शेवटी. कॅरोलिन हॅस्लेट १९५७ मध्ये वारल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन विजेवरच झालं.

त्या टॉपमध्ये आणखी एक गोष्ट होती. आत छोटा फ्यूज. तो का, हे मला तिथल्या एका वायरमनने भिंत फोडलेली असताना दाखवलं. युद्धामुळे तांब्याची टंचाई होती. प्रत्येक सॉकेटला बोर्डापासून वेगळी वायर देणं परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी एकच वायर बोर्डातून काढली, खोल्याखोल्यांतून सगळ्या सॉकेटांना शिवत नेली आणि पुन्हा बोर्डात आणून जोडली, कंबरेला करदोटा बांधावा तशी. प्रत्येक सॉकेटला वीज दोन्ही बाजूंनी मिळते, म्हणून बारीक तांब्यात जास्त भार निभतो. याला ते रिंग म्हणतात. त्या अख्ख्या रिंगला बोर्डात ३० अँपिअरचा एक फ्यूज. आता टेबल लॅम्पची वायर घ्या. ती जेमतेम तीन अँपिअर सोसणारी. लॅम्पमध्ये दोष झाला तर बोर्डातला ३० चा फ्यूज उडायच्या आत ती वायर पेट घेईल. म्हणून प्रत्येक टॉपमध्ये ज्याचा त्याचा फ्यूज. लॅम्पला ३ अँपिअरचा लाल, इस्त्रीला १३ चा तपकिरी.

आणि फ्यूज आला की बाजू आली. फ्यूज फेजवरच असला पाहिजे. न्यूट्रलवर असेल तर तो उडाल्यावर वस्तू बंद पडते, माणूस निर्धास्त होतो आणि आत फेज तसाच जिवंत. म्हणून ब्रिटिश टॉप एकाच तऱ्हेने आत जातो आणि समोरून पाहिलं तर सॉकेटमध्ये फेज कायम उजवीकडे. आपल्या सरांचं "लाल उजवीकडे" तिथून आलेलं. पूर्ण खात्री देणारी पद्धत आहे ती, आणि मी तिच्यावर वाढलेला माणूस.

मग मी जर्मनीत गेलो.

१९९७ मध्ये कंपनीच्या कामाला आणि अलीकडे तीनदा मुलीकडे. ती न्युरेंबर्गजवळ राहते. पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा खिशातल्या टेस्टरने सॉकेटं तपासली. (हसू नका, मी लग्नाच्या कार्यालयातही तपासतो.) स्वयंपाकघरात फेज डावीकडे. बेडरूममध्ये उजवीकडे. हॉलमध्ये एका शेजारी एक असलेल्या दोन सॉकेटांत एकात इकडे, एकात तिकडे. मी मुलीला म्हटलं, "तुझ्या घरमालकाचा वायरमन दारू पिऊन आला होता." जावई म्हणाले, "बाबा, इथे असंच असतं." आणि त्यांनी लॅम्पचा टॉप काढून उलटा करून पुन्हा घातला. तसाही गेला.

जर्मन टॉपला शुको म्हणतात, 'संरक्षक संपर्क' या अर्थाच्या जर्मन शब्दाचं ते छोटं रूप. तो १९२५-२६ च्या सुमाराला अल्बर्ट ब्यूटनर या कारखानदाराने काढला असं मानलं जातं, आणि त्याचा कारखाना लाउफ गावात, मुलीच्या घरापासून लोकलने थोड्याच अंतरावर. मी मुद्दाम जाऊन आलो. नदी आहे, जुना वाडा आहे, बाजारपेठ छान आहे. प्लग पाहायला आलेला मी एकटाच असेन.

शुकोत अर्थला पिन नसते. टॉपच्या कडेला वर आणि खाली पितळी पट्ट्या असतात, सॉकेटमध्येही तशाच स्प्रिंगच्या. सॉकेट वाटीसारखं खोल, त्यामुळे पिनांना वीज मिळायच्या आधी पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि बोट मध्ये जाऊ शकत नाही. अर्थिंग झडपेशिवाय आधी जुळतं. काम ब्रिटिशांचंच, पण वीस वर्षं आधी आणि अर्ध्या सामानात. पण दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे टॉप कसाही घाला. फेज कोणत्या पिनेवर येईल ते घालणाऱ्याच्या हातावर.

मला हे फार दिवस चुकीचं वाटत होतं. भांडायचो त्यावर. मग हळूहळू त्यांची बाजू कळली.

पोलॅरिटी हा शब्द मुळात डीसीचा, बॅटरीच्या प्लस-मायनसचा. आपल्या घरातल्या विजेत दिशा सेकंदाला शंभर वेळा बदलते, तिथे प्लस-मायनस काही नाही. उरतं ते इतकंच की दोन वायरींपैकी एक, न्यूट्रल, ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला बांधलेली असते आणि दुसरी, फेज, जमिनीपासून २३० व्होल्टवर असते. पण युरोपात सगळीकडे तसं नव्हतं. फ्रान्समध्ये जुनी पद्धत १२७ आणि २२० व्होल्टची होती. तिथे २२० हवे असतील तर दोन फेजांच्या मधून घ्यायचे. म्हणजे सॉकेटच्या दोन्ही भोकांत फेज! नॉर्वेत बऱ्याच घरांत आजही तसंच आहे, बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या काही भागांतही. तिथे "लाल उजवीकडे" याला अर्थच उरत नाही. दोन्हीकडे लालच. मग त्यांनी वस्तू अशी बनवायची ठरवली की फेज कुठूनही आला तरी माणसाला धक्का लागू नये. जिथे धोका असेल तिथे स्विच दोन्ही वायरी तोडणारा घालायचा. उघडी तार हाताला लागेल अशी ठेवायचीच नाही. फ्यूजचं म्हणाल तर त्यांच्याकडे रिंग नाही. प्रत्येक खोलीची वायर वेगळी बोर्डात जाते, तिला १० किंवा १६ अँपिअरचा स्वतःचा ब्रेकर. टॉपमध्ये फ्यूज लागत नाही. फ्यूज नाही म्हणून बाजूही लागत नाही.

म्हणजे ब्रिटिश माणूस सॉकेटवर विश्वास ठेवतो आणि जर्मन माणूस कशावरच ठेवत नाही. दोन्ही पद्धती आपापल्या घरात पक्क्या आहेत. टॉप हे फक्त भिंतीबाहेर दिसणारं टोक आहे. त्यामागे भिंतीतली वायर, बोर्डातला ब्रेकर, वस्तूतला स्विच असं अख्खं कुटुंब उभं असतं, आणि त्यातला एकच माणूस उचलून दुसऱ्या घरात नेला की भांडण सुरू होतं. अर्थात पक्क्या घरातही गंमत असते. ब्रिटिशांकडे आणि आपल्याकडे बल्ब दोन टोचांचा, फिरवून अडकवायचा. त्यात फेज कुठल्या टोचेला आला याने फरक पडत नाही. जर्मनीत बल्ब आट्यांचा, आणि त्यात फेज आट्यांवर आला तर बल्ब बदलताना हात लागू शकतो. ज्याने बाजू पक्की केली त्याच्या बल्बला बाजू लागत नाही, आणि ज्याच्या बल्बला लागते त्याने ती मोकळी सोडली. त्यांनी होल्डरच असे खोल केले की आटे सुटेपर्यंत बोट पोचत नाही, हा भाग वेगळा.

'युरोपियन प्लग' असा एक नाहीच, हेही तिथे गेल्यावर कळतं. फ्रान्समध्ये अर्थची पिन सॉकेटमधून बाहेर डोकावते आणि टॉपला भोक असतं. त्यामुळे टॉप एकाच तऱ्हेने जातो, पण त्याचा फायदा कोणी घेत नाही. कारण हल्लीचा जाड टॉप पट्ट्या आणि भोक दोन्ही घेऊन येतो आणि जर्मनीतही चालतो, फ्रान्समध्येही. शिवाय फ्रान्समध्ये फेज उजवीकडे घालायची रीत, तर तसलंच सॉकेट वापरणाऱ्या चेकियात डावीकडे. इटलीत तीन पिना एका ओळीत, उलटसुलट कशाही. स्वित्झर्लंड आणि डेन्मार्कचे टॉप एकाच बाजूने जातात. आयर्लंड, माल्टा, सायप्रस ब्रिटिश टॉपवाले. सगळ्यांसाठी एकच टॉप असावा म्हणून १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक निघालं. ते दक्षिण आफ्रिकेने घेतलं, ब्राझीलने थोडा बदल करून घेतलं, पण युरोपाला ते जमलं नाही. व्होल्टेजचं मात्र कागदावर जमवलं. ब्रिटनचे २४० आणि इतरांचे २२० यांचे सगळ्यांनी २३० म्हणायचे ठरवले आणि जनित्रं होती तशीच फिरत राहिली.

परदेशातून वस्तू आणणाऱ्या मित्रांसाठी एक जाता जाता सांगतो. जर्मन टॉपच्या पिना ४.८ मिलिमीटर जाड आणि एकमेकींपासून १९ मिलिमीटरवर असतात. आपल्या छोट्या सॉकेटचं अंतरही १९, भोकं किंचित मोठी. त्यामुळे ती किटली, ती इस्त्री आपल्या सॉकेटमध्ये जाते आणि चालतेही. पण पिन सैल बसते, तापते, आणि अर्थच्या पट्ट्यांना आपल्याकडे टेकायला काहीच नसतं. चालते म्हणून बरोबर आहे असं समजू नका. टॉप बदलून घ्या, वायरमनला शंभर रुपये द्या.

आता रंगांकडे येतो, म्हणजे माझ्या देण्याकडे.

१९९७ च्या त्या कामात एक जर्मन फोरमन होता, निवृत्तीला आलेला. आमच्या पॅनेलमधल्या लाल-पिवळ्या-निळ्या वायरी बघून तो म्हणाला की तुमच्या देशात लाल म्हणजे फेज, हे मला नेहमी खटकतं. मी विचारलं, का? तो म्हणाला, मी उमेदवारी केली तेव्हा आमच्याकडे लाल म्हणजे अर्थ. काळी फेज, राखाडी न्यूट्रल, लाल अर्थ. लाल म्हणजे सावध, संरक्षण, म्हणून. साठच्या दशकाच्या मध्याला ते बदललं, पण जुनी यंत्रं तशीच फिरतायत.

मी त्याला काही बोललो नाही. जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन बाकावर बसलो. लाल, काळी, राखाडी. ती केबल माझ्या डोळ्यांसमोर होती. ड्रिलच्या बॉडीला जोडलेली वायर मी स्वतःच्या हाताने फेजला जोडली होती. यंत्रात काहीही बिघाड नव्हता. जुना टॉप कापलेला नसता तर त्यात लाल वायर पितळी पट्ट्यांना बांधलेली दिसली असती आणि कदाचित मी थांबलो असतो.

ही चूक करणारा मी एकटा नव्हतो म्हणा. ब्रिटनमध्येही लाल म्हणजे फेज, आणि जर्मनीतून आलेल्या वस्तूंना घरोघरी माणसं स्वतः टॉप जोडत होती. हा धोका उघड होता, म्हणूनच देशोदेशींच्या लोकांनी बसून कोणाचेच नसलेले रंग निवडले. फेजला तपकिरी, न्यूट्रलला निळा आणि अर्थला हिरवा-पिवळा पट्टा, जो रंगांधळ्यालाही ओळखू येतो. ब्रिटनने वस्तूंच्या वायरींसाठी ते १९६९ च्या नियमांनी आणलं. भिंतीतल्या वायरी मात्र २००४ पर्यंत लाल-काळ्याच राहिल्या, आणि बदलल्या तेव्हा आणखी घोळ झाला. जुन्या थ्री-फेजमध्ये काळी न्यूट्रल आणि निळी फेज, नव्यात काळी फेज आणि निळी न्यूट्रल. आपल्या घरांच्या भिंतींत आजही लाल, काळी, हिरवी असते आणि बाहेरून आणलेल्या मिक्सरला तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. दोन्ही भाषा येणारा वायरमन लागतो.

१९८४ मध्ये हे नवे रंग येऊन पंधरा वर्षं झाली होती. माझ्यापर्यंत ते आले होते. त्यांच्या आधी जर्मनीत काय होतं, हे आलं नव्हतं.

जर्मनीहून परतल्यावर मित्राला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तो तोवर गावी दुधाच्या धंद्यात स्थिरावला होता, भेटला की "बॉडी मारणाऱ्या ड्रिलची" गोष्ट हसत सांगायचा, आणि मीही हसायचो. गेल्या वर्षी संमेलनाच्या पहिल्या बैठकीनंतर आम्ही दोघं एसटी स्टँडसमोर चहाला थांबलो तेव्हा त्याने ती पुन्हा कोणाला तरी सांगितली, आणि मी म्हटलं, थांब. सगळं सांगितलं. लाल, काळी, राखाडी. तो तळवा बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मशीन चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

"मालकांनी ते पाडलं म्हणून माझा महिन्याचा पगार कापला होता. तुला माहीत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं. ड्रिलची बॉडी पडून फुटली होती, ते भंगारात गेलं हे माहीत होतं. मित्राने दोन महिन्यांनी काम सोडलं तेव्हा मला वाटलं विजेची भीती बसली. पगाराचं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.

"किती होता पगार?" मी विचारलं.

"साडेतीनशे." आणि मग म्हणाला, "व्याज नको."

संमेलनाच्या दिवशी मी जुन्या प्रयोगशाळेत एका टेबलावर टॉप मांडून ठेवणार आहे: आपला गोल पिनांचा, ब्रिटिश चपट्या पिनांचा, जर्मन शुको आणि फ्रेंच. स्क्रू-ड्रायव्हर ठेवतो, ज्याला जोडून बघायचा त्याने जोडावा. शिवणाच्या तासामुळे ज्यांचा हा धडा राहिला त्या मैत्रिणींनी आधी यावं. सरही येणार आहेत असं कळलंय. साडेतीनशे रुपये मी पाकिटात वेगळे घालून आणतोय. तो घेतो का नाही, बघू.